रानाच्या वाटेवरचा पूल

सातपुड्याच्या पायथ्याशी राहणाऱ्या बंधुभगिनींनो आणि गावोगावच्या गुरुजनांनो,

शिरपूरहून चोपडा, यावल, फैजपूर करीत रावेरकडे जाणारा रस्ता तुमच्या पायाखालचा आहे. या रस्त्याला उत्तरेच्या डोंगरातून येणाऱ्या नद्या एकामागून एक आडव्या येतात. अनेर येते, मोर येते, सुकी येते. मोठ्या रस्त्यावर त्यांना पूल आहेत, म्हणून एस.टी.त बसलेल्या माणसाला नदी कधी आली नि कधी गेली हे कळतही नाही. पण हा रस्ता सोडून तुम्ही डोंगराकडे वळा. पालकडे जा, वैजापूरकडे जा, नाहीतर मनुदेवीच्या दर्शनाला निघा. तिकडे नदीनाल्यांची ओळख नव्याने होते. आडवाटांवर अजून कितीतरी ठिकाणी वाट नाल्यात उतरते, फरशीवरून पलीकडे जाते आणि पुन्हा वर चढते.

फरशी म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. नाल्याच्या तळालगत काँक्रीटचा एक बसका पट्टा घालतात आणि त्याच्या पोटात सिमेंटच्या चारसहा नळ्या टाकतात. थोडे पाणी नळ्यांतून जाते, जास्त आले की फरशीवरून जाते. वर्षातले आठ महिने ही सोय उत्तम चालते. उरलेल्या चार महिन्यांत मात्र पलीकडचा पाडा पलीकडे राहतो आणि अलीकडचे गाव अलीकडे. पलीकडे नुसता पाडाच नसतो, शासनाचे राखीव रान असते. त्या रानात लोकांच्या वनहक्काच्या जमिनी असतात, रोपवनाची कामे चालू असतात, वनरक्षकाची गस्त असते. हे सारे एका नाल्यापायी अडते.

म्हणून गावोगाव मागणी होते की फरशी काढा आणि पूल बांधा. मागणी रास्त आहे. पण पूल म्हणजे केवळ काँक्रीट आणि सळया नव्हेत. किती उंच, किती लांब, कोणासाठी आणि कोणत्या अटीवर, हे आधी ठरले नाही तर नवा पूलही जुन्या फरशीच्या वाटेने जातो. आणि हे ठरवताना गावाचा शब्द जितका उपयोगी पडतो तितकी दुसरी कोणतीच गोष्ट पडत नाही. तो शब्द नेमका कोठे आणि कसा उपयोगी पडतो, तेच या भाषणात सांगायचे आहे.

फरशी का टिकत नाही

सातपुड्याच्या दक्षिण उतारावरचे नाले आखूड आणि उतरते आहेत. डोंगरमाथ्यावरून निघालेले पाणी थोड्याच कोसांत शेकडो मीटर खाली येते आणि तापीकडे धावते. त्यामुळे पूर हळूहळू चढत नाही. वर डोंगरात ढग फुटल्यासारखा पाऊस झाला की खाली कोरड्या नाल्यात एकदम लोंढा येतो आणि चारसहा तासांत ओसरूनही जातो. आपल्या अहिराणीत सांगायचे तर, पूर उना नि गया.

हा लोंढा नुसत्या पाण्याचा नसतो. त्यात मोठमोठे गोटे असतात, उन्मळलेली झाडे असतात, बांबूची बेटे असतात. डोंगर संपून सपाटी लागते तिथे यावल-रावेरच्या पट्ट्यात अशा गोट्यांचे आणि भरड वाळूचे जाडच जाड थर साठले आहेत. भूगर्भशास्त्रज्ञ या पट्ट्याला बझाडा म्हणतात. आज विहिरीत दिसणारे हे गोटे पुराच्या पाण्यानेच हजारो वर्षांत आणून टाकले आहेत. पाण्याच्या अंगी किती बळ असते याचा याहून दुसरा पुरावा नको.

गुरुजी, वर्गात मुलांना एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा दुप्पट होत नाही, चौपट होतो. आणि त्या पाण्याने ढकलला जाणारा दगड? तो वजनाने चौसष्टपट मोठा असू शकतो. म्हणूनच उन्हाळ्यात ज्या नाल्यात पोरे चिंचोके खेळतात, त्याच नाल्यात श्रावणात गाडीएवढा धोंडा जागचा हलतो.

आता या लोंढ्यापुढे फरशीचे काय होते ते पाहू. पहिल्या तडाख्याला नळ्यांच्या तोंडात फांद्या अडकतात. फांद्यांत पालापाचोळा अडकतो, त्यावर गोटे येऊन बसतात. नळ्या बुजल्या की फरशीचा बांध होतो. पाणी तुंबते, फुगते आणि बाजूची मऊ जागा शोधते. ही मऊ जागा म्हणजे फरशीला जोडणारा मातीचा भराव. भराव कापला जातो. पूर ओसरल्यावर फरशी तशीच जागेवर उभी असते, पण तिच्याकडे जाणारा रस्ता नसतो. दरवर्षी भरावावर मुरूम टाकायचा आणि दरवर्षी तो नाल्याने न्यायचा, असा हा खेळ चालतो.

नाल्याचे माप

पुलाचे पहिले माप नाल्याकडून घ्यावे लागते. हे माप कसे काढतात ते थोडक्यात सांगतो. हिशेब सातवी-आठवीच्या मुलांना जमेल असाच आहे.

समजा, पुलाच्या जागेच्या वर नाल्याचे पाणलोट १६ चौरस किलोमीटर आहे. पाणलोट म्हणजे ज्या ज्या उतारावर पडलेला पाऊस त्या नाल्यात उतरतो तेवढा सगळा मुलूख. सर्वेक्षण खात्याच्या नकाशावर तो मोजता येतो. पुराचा अंदाज काढण्याचे डिकन्स यांचे एक जुने सूत्र आपल्या देशात एकोणिसाव्या शतकापासून वापरात आहे. त्यात पाणलोटाच्या क्षेत्राचे वर्गमूळ काढायचे, त्याचे पुन्हा वर्गमूळ काढायचे आणि आलेल्या आकड्याचा घन करायचा. सोळाचे वर्गमूळ ४, चाराचे वर्गमूळ २, दोनाचा घन ८. या आठाला एका गुणकाने गुणायचे. वर्षाला ६० ते १२० सेंटिमीटर पावसाच्या मुलखाला हा गुणक ११ ते १४ धरतात. आपण १४ धरू. आठ चोक बत्तीस, आठ दाहे ऐंशी, मिळून ११२. म्हणजे मोठ्या पुरात त्या जागेवरून दर सेकंदाला ११२ घनमीटर पाणी जाईल. दहा हजार लिटरचे अकरा टँकर दर सेकंदाला उलटे केले तर जेवढे पाणी होईल, तेवढे हे पाणी.

हे पाणी सेकंदाला ३ मीटर वेगाने धावत असेल तर त्याला वाहायला सुमारे ३७ चौरस मीटर मोकळी जागा हवी. आणि आपल्या फरशीच्या पोटात काय आहे? एक मीटर व्यासाच्या सहा नळ्या. त्यांच्या सहाही तोंडांचे क्षेत्रफळ मिळून ४.७ चौरस मीटर भरते. हवी त्याच्या आठव्या हिश्शाएवढीच वाट. तीही मोकळी राहिली तर!

आता त्याच जागी पूल घ्या. आठ-आठ मीटरचे दोन गाळे ठेवले आणि पुराचे पाणी २.४ मीटर खोल धरले, तर ३८ चौरस मीटर वाट मिळते. शिवाय पुराच्या रेषेपासून स्लॅबच्या तळापर्यंत मोकळी जागा सोडावी लागते. पाण्यावर तरंगत येणारे झाड खालून निघून जावे, हा तिचा उपयोग. एवढ्या पाण्याच्या पुलाला निदान ९०० मिलिमीटर मोकळीक ठेवावी, असा भारतीय रस्ते काँग्रेसचा दंडक आहे. म्हणजे नाल्याच्या तळापासून स्लॅबचा तळ ३.३ मीटर उंच आला.

हिशेब झाला, पण इथेच थांबू नका. पुराचे दुसरे एक सूत्र आहे. ते सर क्लॉड इंग्लिस यांनी जुन्या मुंबई इलाख्यातील घाटमाथ्याच्या नद्यांवरून बसवले. त्याच १६ चौरस किलोमीटरला इंग्लिस यांच्या सूत्राने सेकंदाला ३८६ घनमीटर पाणी येते. एकाच नाल्याला एक सूत्र ११२ म्हणते आणि दुसरे ३८६! दोन्ही सूत्रे आपापल्या मुलखात खरी आहेत. पण आपला नाला दोघांच्या मध्ये कोठेतरी बसतो. मोठ्या नद्यांवर पाणी मोजण्याची ठाणी असतात, डोंगरातल्या नाल्यावर ती क्वचितच असतात. मग निवाडा कोणी करायचा?

तो गावाने करायचा. नाल्याकाठच्या आंब्याच्या कोणत्या फांदीत पुराचा पाचोळा अडकला होता, मरीमाईच्या ओट्याच्या कोणत्या पायरीला चिखल लागला होता, कोणाच्या गोठ्यात पाणी शिरले होते, हे गावातल्या म्हाताऱ्या माणसांना ठाऊक असते. यालाच इंजिनियर लोक पूरखूण म्हणतात. सर्वेक्षणाला आलेला इंजिनियर उन्हाळ्यात येतो. त्याला दिसतो कोरडा नाला. तेव्हा आबांनी पुढे व्हावे आणि म्हणावे, “साहेब, जरा इकडं या. या दगडापर्यंत पाणी आलं होतं, बरं का. ज्या साली माझ्या थोरलीचं लग्न झालं त्या साली.” साल सापडले की पूर सापडतो, पूर सापडला की पुलाची उंची सापडते.

तीन पूर, तीन धडे

ही सारी कागदावरची काळजी आहे असे कोणाला वाटेल, म्हणून अलीकडच्या काळातील तीन गोष्टी सांगतो.

पहिली आपल्याच जिल्ह्यातली. चाळीसगावच्या दक्षिणेला पाटणादेवीचे रान आहे. ते १९८६ मध्ये घोषित झालेल्या, सुमारे २६० चौरस किलोमीटरच्या गौताळा औट्रमघाट अभयारण्यात येते. या रानातून डोंगरी नदी उतरते. ३० ऑगस्ट २०२१ च्या रात्री डोंगरात मुसळधार पाऊस झाला. डोंगरी आणि तितूर या नद्यांना पूर आला, ३१ तारखेची सकाळ उजाडली ती चाळीसगाव शहरात आणि नदीकाठच्या गावांत पाणी घेऊनच. दावणीची जनावरे वाहून गेली, कन्नडच्या घाटात दरडी कोसळून वाट बंद झाली. एरवी डोंगरी नदी सहज ओलांडता येते. पूल बांधताना मात्र तिचे रोजचे रूप पाहायचे नसते, त्या एका रात्रीचे पाहायचे असते.

दुसरी शेजारच्या नाशिक जिल्ह्यातली. त्र्यंबकेश्वर तालुक्यात शेंद्रीपाडा म्हणून वस्ती आहे. तिथल्या बायाबापड्या तास नदीच्या खोल घळीवर टाकलेल्या लाकडी बल्ल्यांवरून डोक्यावर हंडे घेऊन पलीकडे जात. त्यांची छायाचित्रे छापून आली आणि जानेवारी २०२२ मध्ये तिथे लोखंडी पूल बसवला गेला. साऱ्यांना समाधान वाटले. त्याच वर्षीच्या जुलैत नदीला पूर आला आणि तो पूल वाहून गेला. बायांच्या वाट्याला पुन्हा बल्ल्याच आल्या. पूल लवकर होणे ही चांगली गोष्ट आहे, पण पहिला पावसाळा पाहण्याची ताकद त्याच्यात असली पाहिजे.

तिसरी गोष्ट कोकणातली. महाडजवळ सावित्री नदीवर १९२८ साली बांधलेला दगडी कमानींचा पूल होता. अठ्ठ्याऐंशी पावसाळे त्याने काढले. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महापुरात तो कोसळला. दोन एस.टी. गाड्या आणि आणखी वाहन अंधारात थेट नदीत गेले. त्या जागी नवा पूल झाला आणि जून २०१७ मध्ये सुरूही झाला. पण गेलेली माणसे परत आली नाहीत. जुना पूल वरून धडधाकट दिसतो. त्याचा पाया कसा आहे हे पाण्याखाली उतरल्याशिवाय कळत नाही.

पाण्याखाली काय होते तेही सांगतो. पूर आला की नाल्याच्या तळातली वाळू-गोटे उचलले जातात आणि तळ खोल होतो. पूर ओसरताना तो पुन्हा भरतो, म्हणून आपल्याला काही दिसत नाही. पिलर मध्ये उभा असला की त्याच्याभोवती पाणी भोवरा धरते आणि तिथे तळ इतर ठिकाणच्या जवळपास दुप्पट खोल उकरला जातो. म्हणून पाया वाळूगोट्यांवर ठेवून भागत नाही. तो त्यांच्या खालच्या पक्क्या काळ्या खडकात रुतवला पाहिजे. खडक फार खोल असेल तर पाया उकरणीच्या रेषेच्या पुरेसा खाली न्यावा लागतो. खड्डा खोदल्यावर काँक्रीट ओतण्यापूर्वी तळात काय लागले हे गावातल्या चार जाणत्यांनी डोळ्यांनी पाहावे. विहिरी खणणाऱ्या माणसांना मुरूम कोणता आणि खडक कोणता हे शिकवावे लागत नाही.

पायी चालणाऱ्यांची मोजणी

पुलाचे दुसरे माप माणसांचे. रस्त्यावरची रहदारी मोजताना वाहने मोजतात. रानाच्या वाटेवर दिवसातून किती वाहने जाणार? चार मोटारसायकली, एक ट्रॅक्टर, आठवड्याच्या बाजाराची एखादी जीप. तेवढ्यावर खर्च कशाला, असे कोणी म्हणाले तर त्याला उत्तर गावाकडे तयार हवे.

ते उत्तर शाळेत असते, गुरुजी. पलीकडच्या पाड्यावरची मुले पुरामुळे आली नाहीत, त्या दिवशी हजेरीपटाच्या शेऱ्यात ‘पूर’ एवढा एक शब्द लिहा. चार महिन्यांनी ते शब्द मोजा. दोन-तीन वर्षांचे हे टिपण म्हणजे कोणत्याही अर्जाहून वजनदार कागद आहे. आशाताईंनी असेच आपल्या वहीत टिपावे की कोणत्या बाळंतिणीला झोळीत घालून न्यावे लागले, १०८ ची गाडी नाल्याच्या अलीकडे किती वेळ थांबली, सर्पदंशाचा रोगी कधी अडकला. रेशन दुकानदाराने टिपावे की धान्य पोहोचायला किती दिवस लागले.

रानाची मोजणीही खरी करावी. मोहफुले चैत्राच्या आगेमागे वेचतात, तेंदूपत्ता एप्रिल-मे महिन्यांत तोडतात. वणवेही उन्हाळ्यातलेच. त्या दिवसांत नाला कोरडा असतो आणि पुलावाचून अडत नाही. हे आपण प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. अडते ते पावसाळ्यात. रोपवनाची रोपे जून-जुलैतच लावायची असतात, नेमका तेव्हाच ट्रॅक्टर नाल्यापाशी उभा राहतो. वनहक्काच्या प्लॉटवर पेरणीचे बियाणे आणि खत याच दिवसांत न्यायचे असते. सागाच्या चोरट्या तोडीला पावसाळ्याची आडवाट सोयीची पडते, कारण वनरक्षक अलीकडे अडकलेला असतो. अशी खरी गरज खऱ्या महिन्यासह मांडली की ऐकणाऱ्याला ती पटते.

जोवर पूल होत नाही तोवर एक पथ्य पाळा. फरशीच्या दोन्ही टोकांना खांब रोवून त्यावर फुटाफुटाच्या पट्ट्या रंगवून घ्या. वाहते पाणी गुडघ्यापर्यंत आले तरी मोठ्या माणसाचे पाय सुटतात आणि दोन फूट पाण्यात चारचाकी गाडीही तरंगू लागते. पट्टी बुडाली की वाट बंद, मग ती सरपंचाची गाडी असो की नवरदेवाची.

पूल आणि रानाची राखण

तिसरे माप सर्वांत अवघड आहे. पूल झाला की रुग्णवाहिका पलीकडे जाईल, तशीच लाकडाची चोरटी गाडीही अलीकडे येईल. पूल काही माणूस पाहून वाट देत नाही. म्हणून पुलाबरोबरच रानाची राखण कशी होईल हे ठरवले पाहिजे.

यावर आपल्या धुळे जिल्ह्यातच एक चांगले उदाहरण आहे. साक्री तालुक्यातील बारीपाडा. एके काळी या पाड्याभोवतीचे रान उजाड झाले होते. १९९० नंतरच्या वर्षांत गावाने एकत्र येऊन वनसमिती केली, राखणदार नेमले, तोडीला दंड ठरवला आणि चारशे हेक्टरांहून अधिक रान पुन्हा उभे केले. या कामाचे पुढारीपण करणाऱ्या चैत्राम पवार यांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली. दरवर्षी तिथे रानभाज्यांची स्पर्धा भरते आणि दूरदूरची माणसे ती पाहायला येतात. वाट चांगली झाली म्हणून रान गेले असे तिथे झाले नाही, कारण रान गावाचे झाले होते.

हे करायला कायद्याचा आधारही आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेला आपल्या हद्दीतले वन, वन्यप्राणी आणि पाणलोट जपण्याचा अधिकार दिला आहे. त्याच कायद्यात आणखी एक कलम आहे, ते पुलाच्या कामी येते. शाळा, दवाखाना, अंगणवाडी, पाण्याची नळवाहिनी, रस्ता अशा तेरा सार्वजनिक सोयींसाठी वनजमीन देता येते. अटी तीन आहेत. प्रत्येक कामाला जागा एक हेक्टरपेक्षा कमी लागावी, हेक्टरी ७५ हून अधिक झाडे तुटू नयेत आणि ग्रामसभेने शिफारस केलेली असावी. आता हिशेब करा. पूल आणि दोन्ही बाजूंचे जोडरस्ते मिळून २०० मीटर लांब आणि १० मीटर रुंद जागा लागली, तर ते झाले २,००० चौरस मीटर. एका हेक्टराचा पाचवा भाग. जुन्या फरशीच्याच जागी काम घेतले तर झाडेही फारशी जात नाहीत. या प्रस्तावाची जागा वनक्षेत्रपाल पाहतात आणि मंजुरीचा निर्णय उपवनसंरक्षक करतात. जागा यावल किंवा अनेर धरणासारख्या अभयारण्यात असेल तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे नियमही पाहावे लागतात.

ठराव करताना ग्रामसभेने केवळ ‘पूल व्हावा’ एवढेच लिहू नये. पुलाच्या तोंडाशी नाका असावा, रात्री जड वाहनांना बंदी असावी, नाक्याची नोंदवही गावाने आणि वनखात्याने मिळून ठेवावी, हेही लिहावे. रानातल्या मुक्या जनावरांचाही विचार करावा. बिबट्या, तरस, अस्वल ही जनावरे नाल्याच्या काठाकाठाने फिरतात. पुलाखाली एका बाजूला कोरडा काठ सोडला तर ती खालून जातात आणि रस्त्यावर गाडीपुढे येत नाहीत. पुलाखालच्या तळाला काँक्रीट केलेच तर त्याचा उंच उंबरठा होऊ देऊ नये, म्हणजे मासे वर चढू शकतात.

दिवाळी ते मृग

मंजुरी मिळाली की वेळापत्रक निसर्गाचे चालते. खानदेशात नाल्यातले काम करायला दिवाळीपासून मृगापर्यंत अवधी मिळतो. मृग ७ जूनच्या सुमारास लागतो. त्याआधी पाया आणि पिलर पुराच्या रेषेवर आलेच पाहिजेत. कामाची ऑर्डर फाल्गुनात निघाली तर घाई करून अर्धवट काम पुरात सोडण्यापेक्षा पुढच्या दिवाळीची वाट पाहणे शहाणपणाचे.

काम चालू असताना गावाने या गोष्टींवर नजर ठेवावी. जुनी फरशी फोडण्याआधी शेजारून वळणरस्ता झाला आहे का? फोडलेल्या फरशीचा मलबा नाल्यातच ढकलला जात नाही ना? तो तसाच राहिला तर नव्या पुलाची वाट पहिल्याच वर्षी अडते. काँक्रीटचे ठोकळे भरून सात दिवसांनी आणि अठ्ठावीस दिवसांनी दाबून पाहतात, त्यांचे आकडे मागून घ्यावेत. स्लॅबला पुरेसे दिवस पाणी मारले जाते का, ते पाहावे. पाण्याची ओल टिकली नाही तर उत्तम सिमेंटही कच्चे राहते. आणि सर्वांत शेवटी, दोन्ही बाजूंच्या भरावांना दगडाचे पिचिंग झाले आहे का? आपण पाहिलेच की नाला आधी भरावावरच हात टाकतो.

अर्ज कोणाकडे करायचा, हे रस्ता कोणाचा यावर ठरते. ग्रामीण रस्ते बहुधा जिल्हा परिषदेकडे, राज्यमार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे आणि रानातल्या आतल्या वाटा वनखात्याकडे असतात. २५ डिसेंबर २००० ला सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेत डोंगरी आणि आदिवासी भागासाठी २५० लोकवस्तीची मर्यादा धरली होती, सपाटीवर ती ५०० होती. वस्ती लहान आहे म्हणून डोंगरातली माणसे मागे पडू नयेत, हा त्यामागचा हेतू. आपल्या चोपडा, यावल, रावेर, शिरपूर, साक्री या तालुक्यांतली कितीतरी गावे अनुसूचित क्षेत्रात येतात. तिथे आदिवासी विकासाच्या निधीतूनही अशी कामे घेता येतात. एकच अर्ज चार कचेऱ्यांत पाठवण्यापेक्षा रस्त्याचा मालक कोण हे आधी तलाठी आणि ग्रामसेवकांकडून नक्की करून घ्या.

पूल झाला म्हणजे गावाचे काम संपले, असे मात्र नाही. दरवर्षी मृगाआधी एकदा आणि दसऱ्याला एकदा पुलाखाली उतरून पाहा. पिलरच्या बुडाशी खड्डा पडला आहे का, गाळ्यात ओंडका अडकला आहे का, कठडा मोडला आहे का, भरावाला भेग आहे का? दिसेल ते ग्रामपंचायतीच्या वहीत तारखेसह लिहा आणि खात्याला कळवा. लहान दुरुस्ती वेळेवर झाली तर मोठ्या पुलाचे आयुष्य वाढते.

बंधुभगिनींनो, पूल मंजूर व्हायला एक वर्ष लागेल, कदाचित चार लागतील. पण पूरखुणा नोंदवायला मंजुरी लागत नाही. यंदाचा पहिला मोठा पूर ओसरला की गुरुजींनी वरच्या वर्गातली मुले आणि गावातले एक-दोन आबा बरोबर घ्यावेत. पाण्याला उतार पडून वाट निर्धोक झाली म्हणजे नाल्यावर जावे. पाणी जिथपर्यंत चढले होते त्या खडकावर तेलरंगाने एक आडवी रेघ ओढावी आणि तिच्याखाली तारीख घालावी. पुढच्या उन्हाळ्यात मोजणीला साहेब येतील तेव्हा त्यांना आधी ती रेघ दाखवावी.